चॉकलेट घुसळता घुसळता

मी एक जुनी रवी आहे, मित्रांनो. ताकाची नव्हे, चॉकलेटची. मेक्सिकोतल्या वाहाकाकडच्या एका सुताराने मला अखंड लाकडातून कातले. नवी होते तेव्हा माझ्या दांड्यावरची सैल लाकडी कडी खुळखुळत. आता तीही झिजली आहेत, आणि मी दमले आहे.

तोमासाने मला बाजारातून घरी आणले. रोज पहाटे मातीच्या चंबूत गरम पाणी, त्यात चॉकलेटची वडी, आणि तिच्या दोन तळव्यांमध्ये मी. बारशाला मी, लग्नाला मी, मयताच्या घरीही मीच. लोक फेसाची तारीफ करत. तोमासाच्या खांद्यांची चौकशी कोणी करत नसे.

एके वर्षी तिची लेक एउलालिया बँडमध्ये पिपाणी वाजवणाऱ्या नेरेओबरोबर पळून गेली. तोमासाचा नवरा क्रिसोफोरो गरजला, "त्या पिपाणीवाल्याचं नाव या घरात काढू नका!"

पुढे रीतीप्रमाणे नेरेओची माणसे पाव आणि चॉकलेट घेऊन माफी मागायला आली. एउलालिया आणि नेरेओही आले. बापाने पेला रिकामा केला, तरच राग सरला म्हणायचे.

तोमासाने मला भराभर फिरवले. क्रिसोफोरोने पेल्यात डोकावून पाहिले.

"फेस कुठाय?"

तिने पुन्हा घुसळले.

"गार झालं."

पुन्हा तापवले, पुन्हा घुसळले.

"आता केवढं कढत!"

पाहुणे माना खाली घालून बसले. एउलालिया डोळे पुसू लागली. तेव्हा तोमासाने मला सरळ नवऱ्याच्या हातात दिले.

"घ्या. हवा तसा फेस तुम्हीच काढा. माझे खांदे भरून आलेत."

त्याने मला कधी हात लावला नव्हता. असे काही घुसळले, की चॉकलेट त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर उडाले. हसायला कोणी धजेना. एउलालिया पुढे झाली.

"बाबा, दाबू नका. नुसतं फिरवा." तिने त्याचे हात आपल्या हातांत धरले.

फेस आला, जेमतेम. "कसला पांचट फेस हा!" तो पुटपुटला, आणि पेला एका दमात संपवला. मग म्हणाला, "ए पिपाणीवाल्या, तूही घे."

त्यानंतरही कितीतरी वर्षे मी फिरत राहिले. शेवटी तोमासाचा उजवा हात वर जाईना. आता घरात विजेचे यंत्र घरघरते आणि मी चुलीमागे खिळ्याला लटकते. तक्रार नाही. विसावा हवाच होता.

मित्रांनो, लाकडाच्या वस्तू धुतल्यावर पुसून ठेवा. ओल राहिली की आम्ही आतून कुजतो. आणि घरात कोणी सगळ्यांसाठी राबत असेल, तर पेला मागण्याआधी जवळ जा आणि म्हणा, "आण इकडे, थोडा वेळ मी करतो." तोमासाला असे कधीच कोणी म्हटले नाही. एकदाच तिचे हात मोकळे झाले, आणि तेही तिलाच मागावे लागले.