कबुतरं उतरवायची शीळ

"अहो, ते दार उघडू नका!" वेल्डर ओरडला. पण हातात बेड्या पडल्या की माणसाचं बोलणं कुणाला ऐकू येतं? कामगारांना चिथवणारी पत्रकं आत लपवली असणार म्हणून हवालदारानं गच्चीवरच्या खुराड्याची कडी काढली. निघाली कबुतरं. त्याच्या टोपीवर शिक्का मारून सगळी आभाळात पसार.

गॅसच्या फुटक्या नळीवर काम करणार नाही, असं वेल्डर कारखान्याच्या फाटकात ओरडून बोलला होता. नळी बदलायला कुणाला वेळ नव्हता. त्याला उचलायला मात्र गाडी भरून माणसं आली.

"दादा," गाडीत चढता चढता तो शेजारच्या न्हाव्याला म्हणाला, "अंधाराच्या आत उतरवा त्यांना. बोका टपलेला असतो. शीळ घातल्याशिवाय यायची नाहीत."

"माझ्या धुतलेल्या टॉवेलांवर हगणाऱ्यांना मी बोलवू?" न्हावी म्हणाला, आणि ऊन कलायच्या आत गच्चीवर हजर झाला. पण पुढचे दात पडलेले. शीळ कसली, नुसती हवा!

"ट्यूब पंक्चर झाली वाटतं," बायको म्हणाली.

दाणे टाकले, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. कबुतरं टाकीच्या कठड्यावर ढिम्म. खाली पत्र्यावर बोका मिशा साफ करत बसलेला. शेवटी नवराबायको पोलीस चौकीत धावले.

"दोन आखूड, एक लांब. शेवट वर उचलायचा, वहिनी," गजाआडून वेल्डरनं शीळ घालून दाखवली. कोठडीतला खिसेकापू लगेच सुरू झाला. मग त्याच्या शेजारचा दारुडा. दारुड्याचा सूर तर असा लागला, की हवालदाराची मानसुद्धा डोलली. आणि मग न्हाव्याच्या बायकोनं ओठांचा चंबू केला. चौकी दणाणली.

"ओ बाई! ही पोलीस चौकी आहे!"

"तुमची शिट्टी दिवसभर चालते, माझी शीळ टोचली होय? आधी टोपी पुसा."

कोठडी खदखदून हसली. वेल्डर तर गज धरून खालीच बसला.

गच्चीवर तिनं पदर खोचला आणि शीळ घातली. गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. लग्नापासून मान खाली घालून चालणारी ही बाई, आणि आज सगळी गल्ली मान वर करून तिच्याकडे बघत होती. कबुतरं उठली, एक घिरटी घेतली आणि फडफडत तिच्या डोक्याखांद्यावर उतरली.

"या महाराज, या!" न्हावी टॉवेल पसरून त्यांना आत घेत होता. "अगं, तुझ्या केसांत एक अडकलंय!"

"असू दे. बसू दे जरा."

पत्र्यावरचा बोका तोंड वाकडं करून निघून गेला. शेवटचं कबुतर आत गेलं. न्हावी कडीला हात लावून घुटमळला.

"लावू?"

"लावा."

त्यानं कडी लावली. तिनं चौकीकडे तोंड केलं आणि पुन्हा एकदा शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. आभाळात आता एकही कबुतर नव्हतं.