जुम्मेरातचे गुलाब

अमिरुन्निसा वारली तेव्हा कारंज्याला दोन गोष्टींचं दुःख झालं. एक म्हणजे बाई गेली, आणि दुसरं म्हणजे आता केक कोण करणार. यातलं आधीचं कोणतं, हे लोकांनी सांगितलं नाही. मयतीला आलेल्या माणसाला असलं विचारूही नये.

तरुणपणी ती वाशीमला मिशनच्या बंगल्यावर मडमेच्या हाताखाली होती. मडम आपल्या देशी परत गेली, तेव्हा तिनं अमिरुन्निसाला एक पत्र्याचा साचा दिला आणि साखरेचा गुलाब काढायची विद्या दिली. मडमेला तेवढंच येत असावं. कारण पुढं जन्मभर अमिरुन्निसानं केकवर गुलाबाशिवाय काही काढलं नाही. वाढदिवसाला गुलाब, साखरपुड्याला गुलाब. एका तहसीलदाराची बदली झाली आणि त्याच्या निरोपाला लोकांनी मोठ्या आनंदानं वर्गणी काढली, तेव्हाही गुलाबच. लहान, घट्ट मिटलेले, मुठीसारखे.

सून जमीला. ती लग्न होऊन आली तेव्हापासून वाळू चाळत होती. त्या काळी घरी केक भाजायचा म्हणजे सिगडीवर देगची, देगचीत वाळू, वाळूवर साचा आणि वरच्या झाकणावर निखारे. वाळू जमीलाची, निखारे जमीलाचे, अंडी फेटून हात दुखायचा तोही जमीलाचा. साखरेची फुलं काढायचा मेणकागदाचा कोन मात्र सासूचा. कोनाला हात लावला की सासू म्हणायची, "तुले नाही जमत. तू वाळू चाय."

साल पंचाहत्तर होतं. देशात मोठ्यानं बोलायची बंदी होती, पण ती सासवांना लागू नव्हती. मेलेल्या सासवांना तर नव्हतीच.

सासूनंतरची पहिली ऑर्डर जमीलानं घेतली ती एका शुक्रवारची. शुक्रवारचा केक गुरुवारी संध्याकाळी सजवावा लागतो. अंड्याचं पांढरं आणि पिठीसाखर घोटून काढलेली फुलं रातभर वाळली पाहिजेत. तिनं गुलाब काढले. मोठे, पसरट, पाकळ्या बाहेर पडलेले. मगरीबची अजान झाली, ती नमाजाला उठली. परत आली तर केकवरचे सगळे गुलाब मिटलेले होते, मुठीसारखे. आणि खोलीत तंबाखूच्या पानाचा वास होता. घरात पान खाणारं आता कोणी नव्हतं.

शेजारच्या बिस्किटभट्टीचा इस्माईल तो केक पाहून म्हणाला, "वा बेटी! सासूचाच हात उतरला तुझ्यात."

जमीलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मोहल्ल्यात सगळे मानतात की जुम्मेरातच्या, म्हणजे गुरुवारच्या, संध्याकाळी मेलेल्यांच्या रुहा आपापल्या घरी येतात, घरचं कसं चाललंय ते बघतात आणि निघून जातात. अमिरुन्निसा नुसतं बघून जाणाऱ्यातली नव्हती. ऑर्डरी शुक्रवारच्याच यायच्या. दर गुरुवारी जमीला फुलं काढायची आणि दर गुरुवारी कोणीतरी ती मिटवायचं. तिनं केक कपाटात ठेवला, वर परात झाकली, परातीवर पाटा ठेवला. पाटा जागच्या जागी, परात जागच्या जागी, खाली गुलाब मिटलेले. गावात जमीलाचं नाव होऊ लागलं. जितकं नाव व्हायचं तितकी ती वाळत चालली.

नवरा सादिक सायकली दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "अम्मी होती तवा मदत करत नव्हती म्हणून रडे. आता करून राह्यली तरी रडते. तुले पाह्यजे तरी काय?"

"मले माझा एक केक पाह्यजे," जमीला म्हणाली. "बिघडला तरी चालन. पन माझा."

सादिक हसला. पण पुढच्या शुक्रवारी तो कब्रस्तानातून फातेहा पढून आला. टोपी न काढताच म्हणाला, "अम्मीच्या कबरीवर मुंग्या लागल्या. लाइनच्या लाइन. प्रत्येकीच्या तोंडात गुलाबी दाना." त्यानंतर त्यानं त्या विषयावर विनोद केला नाही.

अशात बेबीताई आल्या. बेबीताई धनजच्या शाळेवर मास्तरीण, राहायला कारंज्यात. त्यांच्या मुलीचा पहिला वाढदिवस शुक्रवारी होता.

"जमीला, गुलाब नोको वं," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाच्या केकवर तेच ते. आमच्या पोरीच्या केकवर पिंपयाची पानं काढ. आमी वंदनेले बसतो, तवा समोर पिंपयाचं पान असते बुद्धाच्या फोटोपाशी. तसं."

दूध द्यायला आलेली केशरबाई दारातच थबकली. "बाई बाई! पिंपयावर मुंजा रायते, अन् तुमी लेकराच्या केकवर पिंपय मांडता?"

"तुमच्या पिंपयावर मुंजा रायते, आमच्या पिंपयाखाली बुद्ध बसले," बेबीताई म्हणाल्या. "ज्याच्या त्याच्या झाडाचा भाडेकरू."

जमीलाला हसू आलं आणि लगेच ध्यानात आलं. पिंपळाचं पान सासूनं कधी काढलं नव्हतं. म्हणजे ते निघालं तर निव्वळ तिचं. आणि शुक्रवारी त्या केकवर गुलाब निघाले तर तिनं कोन चुलीत घालायचा आणि जन्मभर वाळू चाळायची, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या घरी बसून सजवावा तर लोक विचारणार, काहून? काय सांगणार?

गुरुवार उजाडला. केक छान फुगला. तिनं वर पांढरा थर दिला, हिरवा रंग कालवला, कोन भरला. दिवस कलता कलता पानं काढून झाली. खाली रुंद, वर लांब शेपटीसारखं टोक. टोक काढताना हात घसरला, एक शेपूट वाकडी गेली. अजान झाली. या खेपेला ती उठली नाही. अल्लाची माफी मागितली आणि केकसमोर बसून राहिली.

आधी वास आला, तंबाखूच्या पानाचा. मग समोरचा पाट किंचित कुरकुरला, जसा जड बाई बसल्यावर कुरकुरतो. सिगडीतले विझत आलेले निखारे कोणी फुंकर घालावी तसे लाल झाले. आणि कडेचं एक पान हळूच आवळू लागलं. शेपूट आत ओढली गेली, कडा वर आल्या, हिरवा रंग आतून गुलाबी होत गेला. गुलाब. मिटलेला.

जमीलानं तो सुरीनं काढून टाकला आणि तिथं पुन्हा पान काढलं. ते मिटलं. तिनं खरवडून पुन्हा काढलं. शेजारचं मिटलं. तिनं तेही काढलं. एका चुलीपाशी दोन बायकांचं चालतं तसं ते चाललं होतं. फरक इतकाच की एक बाई दिसत नव्हती. जमीलाच्या बोटांना गारठा लागत होता, जणू विहिरीत हात घातलाय. कोनातली साखर संपत आली.

शेवटी ती थांबली. रिकाम्या पाटाकडे पाहून, जे सासूच्या हयातीत एकदाही तोंडातून निघालं नव्हतं, ते बोलली.

"अम्मी, हे पिंपयाचं पान हाये. तुमाले नाही येत."

खोलीत काहीच हललं नाही. बाहेर इस्माईलच्या भट्टीवर पोरं ओरडत होती, तेही कुठून तरी लांबून आल्यासारखं वाटलं. मग तिच्या हातातला कोन सुटला. पडला मात्र नाही. केकच्या बरोबर मध्ये, वीतभर उंच, अधांतरी थांबला. बराच वेळ तसाच होता. परीक्षेत उत्तर न येणारा माणूस पेन धरून बसतो, तसा. मग खाली आला आणि त्यातून एक हिरवा गोळा निघाला. ना पान, ना गुलाब. त्याला कोणीतरी एक टोक ओढून पाहिलं, ते मध्येच तुटलं.

कोन अलगद ताटलीत ठेवला गेला. पाट पुन्हा एकदा कुरकुरला. वास ओसरला.

आपण जिंकलो असं जमीलाला वाटलं आणि ते तेवढ्यात विरून गेलं. म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये, मेलेलं असलं तरी. तिनं कोनात उरलेली साखर चेपून राहिलेली पानं काढली. कोणी मिटवली नाहीत. मधला गोळा काढायला सुरी उचलली, आणि ठेवून दिली.

शुक्रवारी बेबीताई केक न्यायला आल्या. जाळी उचलून त्यांनी नीट पाहिलं.

"काय वं जमीला, हे पिंपय हाये का नागवेल? अन् ही शेपूट तं म्हशीवानी वाकडी."

आजवर गावानं केलेलं कौतुक कधी जमीलापर्यंत पोचलं नव्हतं, पण ही शेपूट थेट पोचली. ती लाजली, नव्या नवरीसारखी. "हो ना बाई. हात घसरला माझा."

"अन् हे मधात काय? ढेकूळ?"

"ते माझं नाही," जमीला म्हणाली. "ते अम्मीचं. शिकून राह्यली अजून."

बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं. अमिरुन्निसाच्या मयतीला त्या स्वतः आल्या होत्या. "हे पाय, आमी भूतबीत मानत नाही."

"नोका मानू," जमीला म्हणाली. "पन तो तुकडा लेकराले नोका देऊ. साखर कच्ची हाये. पहिलाच हात हाये तिचा."

बेबीताई केक घेऊन निघाल्या. रस्ता ओलांडेपर्यंत त्या ताठ चालत होत्या. मग त्यांनी केक अंगापासून थोडा लांब धरला.

जमीला आत गेली आणि पुढच्या गुरुवारसाठी तिनं दोन कोन वळून ठेवले.