रोजची अर्धी बाटली फिनाईल

संडासातलं पाणी वर यायला लागलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाणी पिणं सोडलं.

"आई, दोन घोट तरी घ्या."

"घेते, आणि मग जाऊ कुठे? शेजारच्यांच्या संडासाच्या सतरा पायऱ्या तू मला उचलून नेणार आहेस?"

खुब्याचं हाड मोडून त्यांना दोनच महिने झाले होते. ओठ सुकून त्यावर पापुद्रे आले होते. मी पेला घेऊन उभी, त्या भिंतीकडे तोंड करून.

गेल्याच महिन्यात गाडी बोलावून सेप्टिक टाकी उपसली होती. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग पुन्हा बोलाव." जणू दूधवाल्यालाच हाक मारायची होती! आवाज चढवायचा नाही, हा माझा नेम. पण त्या सकाळी जपाचे मणी नुसतेच सरकत होते, मनात टाकी.

या वेळी आलेले टाकीवाले काका वयस्कर होते. त्यांनी पाईप लावलाच नाही. दोन्ही झाकणं उघडून आत बॅटरी मारत बसले. मी नाकाला पदर लावून चरफडत होते.

"या ताई, बघा. सगळं आधी या पहिल्या कप्प्यात येतं. जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर तरंगतं. मधलं पाणी भिंतीतल्या भोकातून दुसऱ्या कप्प्यात जातं, तिथून बाहेर शोषखड्ड्यात. मग जमिनीत मुरतं."

"मग अडलंय कुठे?"

"खड्ड्यात. तळाचा गाळ खाणारे जंतू असतात, ते बरेचसे मेलेत. न कुजलेला गाळ वाहत तिकडे जाऊन बसला. नुसती टाकी उपसून काय होणार? आणि हा वास फिनाईलचा आहे. किती ओतता?"

"अर्धी बाटली."

"महिन्याला?"

"रोज."

त्यांनी बॅटरी बंद केली.

संडास घासायचा, फिनाईल ओतायचं, आंघोळ करायची, मगच देवापुढे बसायचं. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता.

"मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला करते हो ही," हे दारातून म्हणाले. हसू दाबत होते. तीन दिवसांत ते पहिल्यांदाच टाकीपाशी आले होते, आणि तेही एवढंच बोलायला.

खड्डा उपसेपर्यंत दुपार टळली. मी वाकून पाहिलं, तर टाकीच्या तळाला गाळ तसाच.

"ही घाण राहिली की!"

"मुद्दाम ठेवली. विरजण समजा, यातूनच जंतू पुन्हा वाढतील. आता ब्रश आणि पाणी, बाकी काही नाही."

"त्याने स्वच्छ होतं का कधी?"

"संडास होईल. टाकीला तुम्ही नेम लावू नका, ताई."

बादलीभर पाणी ओतलं. गडगडत खाली गेलं. आतून आवाज आला, "गेलं का गं?"

"गेलं, आई."

"बघू उद्या. तुझ्या टाकीवर माझा भरवसा नाही."

रात्री त्यांनी जेमतेम एक घोट घेतला.

सकाळी ब्रशने घासलं. हात दोनदा फळीवरच्या बाटलीकडे गेला, दोनदा मागे घेतला. आंघोळ करूनही अंग पारोसंच वाटत होतं. तशीच देवापुढे बसले. ह्यांचा, टाकीवाल्यांचा आणि सगळ्यात जास्त माझाच राग येत होता. चाळिसावा मणी बोटात होता.

"झालं का गं तुझं?" सासूबाईंनी हाक मारली. "आत्ताच जाऊन आले. खाली गेलं सगळं. घसा कोरडा पडलाय, पाणी आण. मोठ्या पेल्यातून आण."

जप अर्धा सोडून मी कधी उठत नाही. माळ खाली ठेवली आणि उठले.