आधी रस्सा

सुशील बुटीबोरीच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. पण नागपुरात त्याचं नाव होतं ते जिभेमुळे. इंटरनेटवर तो बीअरची परीक्षणं लिहायचा आणि कुणाची भीडभाड ठेवायचा नाही. चाखायच्या दिवशी तो कांदासुद्धा खात नसे, आणि ही गोष्ट भेटेल त्याला सांगत असे.

त्याची शाळेतली मैत्रीण मयुरा वर्धा रोडवरच्या एका पबमध्ये बीअर बनवायची. तिची स्वतःची पहिली बीअर तयार झाली होती. मालक ताराचंदशेठनं बजावलं होतं, "सुशीलनं चांगलं लिहिलं त ठेवू. नाही त सारी मोरीत."

ज्या संध्याकाळी तो ती चाखायला जाणार होता, नेमकं त्याच दुपारी कौसल्याआत्यानं सुशीलला आपल्या गावी, खाप्याला जेवायला बोलावलं. झणझणीत सावजी मटण!

"आत्या, मले आज जीभ सांभाळा लागते."

"जिभेले काय होते गा? रस्सा घे."

नको म्हटलं की आत्याचा हात आणखी सैल सुटतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी शहाणा नको म्हणाला.

संध्याकाळी पबमध्ये पोचला तेव्हा तोंडात नुसता जाळ होता. मयुराचा जीव टांगणीला लागलेला. पहिल्या घोटाला सुशीलला देव आठवला, दुसऱ्याला भेटला. काय तो गारवा! कडूपणा नावालाही नाही.

"रडून राहिला का गा तू?"

"लय मस्त आहे वं," तो नाक पुसत म्हणाला, आणि तिथंच बसून त्यानं लिहून टाकलं: 'सौम्य, मधाळ. पाचपैकी पाच.'

दुसऱ्या दिवशी तिनं दिलेली बाटली त्यानं स्वच्छ तोंडानं उघडली. एक घोट घेतला आणि थेट बेसिन गाठलं. कडुनिंबाचा काढा बरा! त्यानं फोन लावला.

"मयुरा, चव ठरवताना काय खाल्लं होतं?"

"आमचा आचारी रोज सावजीच बनवते न. ते खाऊनच चाखत होतो सारे. कडूपणा लागेच ना, म्हणून वाढवत गेली. काहून?"

त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "मंग पुसून टाक."

ते 'पुसून टाक' त्याला रश्श्याहून झोंबलं. पुसावं तर तिची मेहनत मोरीत, ठेवावं तर ते खोटं. स्वतःचीच लाज वाटली त्याला. शेवटी त्यानं खाली भर घातली: 'ही बीअर स्वच्छ तोंडानं पिऊ नका, मलाही जमलं नाही. आधी सावजी रस्सा खा. डोळ्यांतून पाणी आलं की हिच्यासारखी बीअर नाही. काल हे लिहायचं राहिलं, कारण मी आत्याकडे जेवून आलो होतो.'

पुढच्या शनिवारी पबमध्ये बसायला जागा नव्हती. घामाघूम माणसं ग्लासावर ग्लास मागत होती. मयुरा हसत हसत सुशीलपुढे ग्लास ठेवणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "थांब वं पोरी! आधी रस्सा."

शेठनं खास बोलावून घेतलेली कौसल्याआत्या पळी घेऊन उभी होती. या वेळी सुशील नको म्हणाला नाही. तरी तिनं दोनदा वाढलं.