टक्केवाल्या बाई

"बाई, तुमचं यंत्र बिघडलंय. पुन्हा एकदा लावून बघा ना," मुलगी म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे चोळले. ग्रंथालयामागच्या त्या बारक्या खोलीत त्यांनी प्रबंध दुसऱ्यांदा लावला होता. संगणकाच्या पडद्यावर पानंच्या पानं लाल झाली होती. लाल म्हणजे कुठेतरी आधी छापून आलेलं.

"यंत्र ठीक आहे गं," बाई म्हणाल्या. "आपलंच काहीतरी बिघडलंय."

विद्यापीठात कुठलाही प्रबंध दाखल होण्याआधी या खोलीत यायचा. इथलं सॉफ्टवेअर तो जगभरच्या छापील मजकुराशी ताडून बघायचं आणि किती टक्के जुळतो ते सांगायचं. दहा टक्क्यांपर्यंत माफ होतं. त्याच्या वर गेलं की प्रकरण संशोधन सचोटी समितीकडे. या कामामुळे बाईंचं खरं नाव लोक विसरले होते. सगळे त्यांना टक्केवाल्या बाई म्हणत. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "लोकांना वाटतं माझी बायको सावकारी करते."

टक्के मोजून मोजून बाईंना माणसंही कळू लागली होती. ताप मोजायला यावं तसे लोक यायचे. "बाई, सोळा आलेत हो, काहीतरी करा." मग बाई सांगायच्या, हे वाक्य उलटं करा, तो शब्द फिरवा, दोन ओळींची एक करा. माणूस पुढच्या आठवड्यात नऊ टक्के घेऊन हसत जायचा. आतलं कुणी वाचत नसे, वरचा आकडा वाचत. चोर कसा सुटतो हे बाईंना चांगलं ठाऊक झालं होतं. सावाला कसं सोडवायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि ही मुलगी साव होती. तिशी उलटली होती तिची, पण प्रबंध होईपर्यंत इथे सगळ्यांना मुलगा-मुलगीच म्हणत. यंत्रमागावर काम करणाऱ्यांचे कान कसे जातात, हा तिचा विषय. तिचे वडील जन्मभर मागावर राबलेले. ती एकेका कारखान्यात जाऊन बसली होती, कामगारांचे कान तपासून घेतले होते, त्यांच्या घरी जाऊन बायका-पोरांशी बोलली होती. हे सगळं बाईंच्या डोळ्यांदेखत झालं होतं, कारण वाचनालयावर देखरेखही त्यांचीच असे आणि कारखान्यातून आली की ती थेट तिथे बसून लिहायची, कपड्यांना चिकटलेले कापसाचे तंतू झटकत.

"हे बघ, कुठं जुळतंय," बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "तीन शोधनिबंध. तिन्ही तुझ्या सरांचे."

मुलीनं पडद्यावरून नजर काढली. ते कसं, हे दोघींनाही माहीत होतं.

तिच्या विभागात रीतच तशी होती. प्रकरण लिहून झालं की तिच्या या सरांकडे, म्हणजे मोठ्या सरांकडे, पाठवायचं. सर त्यातून निबंध करायचे आणि नियतकालिकात छापायला द्यायचे. पहिलं नाव सरांचं, लिहिणाऱ्याचं दुसरं नाहीतर तिसरं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, घरात थोरल्याला आधी वाढावं तितकं ते सहज झालं होतं. या वेळी मात्र दुसरं नाव सरांच्या मुलाचं आलं. तोही दुसऱ्या महाविद्यालयात शिकवत होता आणि त्याची बढती निबंधांवाचून अडली होती. तिसरं नाव आलंच नाही.

निबंध छापून आले तेव्हा मुलगी रडत बाईंकडे आली होती. आणि बाई म्हणाल्या होत्या, "गप्प बस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. एकदा प्रबंध होऊ दे."

ती गप्प बसली. आता प्रबंध झाला होता, आणि यंत्राच्या लेखी तो तिनं सरांच्या निबंधांतून उचलला होता.

"महिनाअखेर प्रबंध दाखल केल्याचा कागद दाखवला नाही ना बाई, तर कॉलेजात मिळालेली माझी जागा जाते," मुलगी म्हणाली. "त्यांनी दोनदा मुदत वाढवून दिलीय. आता नाही देणार."

"बघते मी. सरांशी बोलते."

मोठे सर वाईट माणूस नव्हते. निदान बघणाऱ्याला तसे वाटत नसत. बाई त्यांच्या खोलीत गेल्या तशी त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"या, या. आज टक्के स्वतः चालत आले?"

"सर, एक पत्र द्याल? हा मजकूर मूळचा तिचा आहे, एवढंच लिहून. बाकी मी बघते."

सर हसले. मग त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"बाई, तुम्ही जुन्या. तुम्हाला काय सांगायचं? असं पत्र म्हणजे मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेणं. आणि माझ्या एकट्याच्या पायावर नाही. पोराची बढती झालीय त्यावर. घर घेतलंय त्यानं."

"तिचं काय मग?"

"तिचं वाईट का चिंतेन मी? माझी विद्यार्थिनी आहे. तिला म्हणावं, जरा भाषा बदल. एका गोष्टीला दहा शब्द असतात. तुम्ही तर त्यात वाकबगार आहात, काय?"

हे शेवटचं त्यांनी कौतुकानं म्हटलं. बाईंना ते गालावर चपराक बसल्यासारखं लागलं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो शेंगा सोलत होता.

"समितीत बोलणार आहेस?"

"बोलायला नको?"

"बोल की. पण तुला तिथं टक्के सांगायला बोलावतात. घड्याळ वेळ सांगतं, कुणी त्याला विचारतं का, कसं काय चाललंय म्हणून?"

"घड्याळ व्हायचं नाही मला."

"मग बोल," तो म्हणाला, आणि सोललेले दाणे बाईंच्या ताटलीत सरकवले. "उपयोग होणार नाही. पण बोल."

समिती बसली ती कुलगुरूंच्या कार्यालयाशेजारच्या लांबट खोलीत. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते, हाताला कंप सुटलेला. बाकीचे तिघे प्राध्यापक. त्यांखेरीज मोठे सरही या समितीचे सभासद होते. पण विषय निघाल्याबरोबर ते उठले.

"माझी विद्यार्थिनी आहे. मी बाहेर बसतो. नियम म्हणजे नियम."

"सरांचं हे मात्र मानायला हवं," एक प्राध्यापक म्हणाले, आणि इतरांनी माना डोलावल्या.

मुलीला आत बोलावलं. ती टेबलाच्या टोकाला उभी राहिली. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"मजकूर तुमचा आहे असं तुम्ही म्हणता," अध्यक्षांनी विचारलं. "निबंध छापून आले तेव्हा तक्रार का केली नाहीत?"

मुलीची नजर क्षणभर बाईंकडे गेली आणि लगेच खाली वळली.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"तिचं नाही चुकलं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "गप्प बस असं मी सांगितलं तिला. मजकूर तिचाच आहे. ती लिहीत असताना मी रोज बघत होते. सरांनी तिचा छापला, तिनं सरांचा नाही."

खोलीत कुणी दचकलं नाही, हेच बाईंना जास्त भयंकर वाटलं. एकानं चष्मा पुसला. दुसऱ्यानं चहाच्या कपावरची साय बोटानं बाजूला केली.

"बाई," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. या तिघांनाही माहीत असेल. पण समितीला माहीत नाही. समितीपुढे छापलेले निबंध आहेत आणि तुमचा आकडा आहे." मग ते मुलीकडे वळले. "तुला तक्रार करायची असेल तर आत्ताही कर, बाळ. चौकशी लागेल. प्रबंध तोवर थांबेल. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. मागची एक चौकशी अजून चालूच आहे. तक्रार करणारा देश सोडून गेला."

"कर तक्रार," बाई म्हणाल्या. "मी साक्ष देते."

मुलीनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"नको बाई," ती म्हणाली. "मला नोकरी हवीय. बाबांना आता काम होत नाही."

मग अध्यक्षांनी निर्णय सांगितला. विद्यार्थिनीचं वय आणि कष्ट पाहता समिती सहानुभूतीनं विचार करत आहे. जुळणारा मजकूर तिनं स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा. दंड नाही, ठपका नाही. "सुंठीवाचून खोकला गेला," असं कुणीतरी म्हणालं. मोठ्या सरांना आत बोलावलं, आणि पुढचा विषय निघाला.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी वाचनालयात येऊन बसू लागली. बाई दुपारी खोलीला कुलूप घालून तिच्या शेजारी खुर्ची ओढायच्या. या कामात त्यांचा हात कुणी धरला नसता. इतक्या वर्षांत त्यांनी कितीतरी जणांची चोरी झाकून दिली होती. आता तोच हात एका मुलीचं स्वतःचं लिहिणं तिच्यापासून लपवायला लागला होता. कानतपासणीचे आकडे तेच ठेवायचे, बाकी सगळं मोडायचं. साध्या शब्दाजागी अवघड घालायचा. छोटं वाक्य लांबवायचं.

शेवटच्या प्रकरणात एक लाल ओळ राहिली होती. मुलीनं ती हलक्या आवाजात वाचली.

"मागावरचा माणूस घरी आल्यावरही ओरडूनच बोलतो. घरच्यांना वाटतं तो चिडलाय, आणि मुलं त्याच्यापासून लांब बसतात."

"तुझ्या घरचं?" बाईंनी विचारलं.

"मीच बसायचे लांब. बाबांच्या कानाचं आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यावरून तर हा विषय घेतला."

तिनं ओळ पुसली आणि टाईप केलं, 'यंत्रमाग कामगारांच्या कौटुंबिक संभाषणातही उच्च ध्वनिपातळी आढळते व तिचा नातेसंबंधांवर प्रतिकूल परिणाम होतो.'

"मुलं लांब बसतात, ते राहिलं," बाई म्हणाल्या.

"काढलं ते. तेही लालच दाखवत होतं."

बाईंनी प्रबंध आत नेऊन पुन्हा लावला. आकडा सात आला. परत येऊन त्यांनी मुलीला सात बोटं दाखवली. मुलीनं मान हलवली. दोघींपैकी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन थरथरला. तिनं तो कानाला लावला, तरी पलीकडचा आवाज बाईंना स्पष्ट ऐकू येत होता.

"झालं का गं पोरी?"

"झालं बाबा," ती हळू म्हणाली.

"आं? काय?"

मुलीनं भोवती पाहिलं. माणसं खाली माना घालून वाचत होती. मग ती उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "झालं बाबा! पास झालं!"

"सगळं तूच लिहिलंस ना? इथं शेजारी विचारतात, मी सांगतो, माझ्या पोरीनं एकटीनं लिहिलंय म्हणून."

"हो बाबा!" मुलगी ओरडली. "माझंच आहे! सगळं माझंच आहे!"

वाचनालयातल्या माना वर झाल्या. कुणीतरी 'च्च्' केलं. लोकांनी बाईंकडे पाहिलं, कारण कुणी कुजबुजलं तरी टेबलावर बोटानं टकटक करून गप्प बसवणं हे त्यांचंच काम होतं.

बाईंनी मांडीवरचा हात उचलला नाही. मुलीचं बोलणं संपेपर्यंत त्या तशाच, लोकांकडे बघत बसून राहिल्या.