सिंधूले कधी पाठवता?

आमच्या जावयाला तोंड नाही. म्हणजे आहे, पण ते खायला आणि हसायला. मी चार दिवस त्याच्या घरी बसून एकच गोष्ट विचारत होते, सिंधूले कधी पाठवता? आणि हा देवीदास हसून म्हणायचा, "मामी, चहा ठेवू का?" लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचा घास मी खात नाही, घरून आणलेल्या दशम्यांवर आहे, पाणीसुद्धा विहिरीवरून स्वतः ओढून पिते, हे त्याला दिसत होतं. तरी चहा!

महाराष्ट्र झाला आणि सरकारनं त्याला ओव्हरसियर म्हणून आमच्या मुलखातून उचलून थेट रत्नागिरीला टाकलं. सिंधूला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही. दर्यापूरला मी खोली सारवून ठेवली, गोदाबाई सुईणीला बोलून ठेवलं, आणि साऱ्या आळीत सांगून निघाले की लेकीला घेऊनच येते. एकटी परतले असते तर बाया म्हणाल्या असत्या, हिला एका लेकीचं बाळंतपण झेपलं नाही.

मग गांधी जयंतीची सुटी आली. देवीदासनं डॉक्टर मित्राची मोटार मागून आणली. म्हणाला, "चला मामी, खाडीपलीकडच्या देवीले जाऊ. समुद्र पाहून घ्या." माझी कंबर अजून येतानाच्या प्रवासानं धरलेली होती. पण देवीचं नाव घेतल्यावर नाही कसं म्हणणार?

लाल मातीचा रस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नारळी, आणि मधून मधून समुद्र.

"माय, पाह्य ना किती मोठा हाये!" सिंधू म्हणाली.

"पाह्यला. एवढं पाणी अन् एक घोट पिता येत नाही."

देवीदास खड्डा आला की थांबायचा, वळून सिंधूकडे पाहायचा, मग मुंगीसारखा पुढे सरकायचा. मी म्हटलं, "जवाईबापू, आमची बैलबंडी एवढ्यात देवी करून घरी परतली असती." तो हसला. हसणं मात्र कधी चुकत नाही.

उतारावर सिंधूला उलटी झाली. पुढच्या वळणावर पुन्हा. खाडीवर पोचलो तर मोटार पार नेणारी होडी पलीकडच्या काठाला रुतलेली. भरती आल्याशिवाय ती हलत नाही म्हणे. आम्ही झाडाखाली सतरंजी टाकली. सिंधू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिचे पाय दाबायला घेतले तर बोट रुतलं तिथे खळगा तसाच राहिला. मायबाई, एवढी सूज!

देवीदास शहाळं घेऊन आला. "घ्या मामी. झाड माझं नाही, घर माझं नाही. लेकीच्या घरचं होत नाही."

"वकील व्हायचं होतं तुमी," मी म्हटलं आणि प्यायले. घसा कोरडा पडला होता. "आता बोला. सिंधूले कधी पाठवता?"

या वेळी तो हसला नाही. "मामी, एवढ्याशा वाटेत तिची ही दशा झाली. इथून कोल्हापूरपर्यंत एसटी, घाट, मग रेल्वे, गाड्या बदलत मूर्तिजापूर, पुन्हा एसटी. कशी नेसान?"

"मग चार दिवस काहून नाही बोलले?"

"माहेरचा हक्क हाये. तुमाले तोंडावर नाही कसं म्हणू? म्हटलं, मोटारीत बसल्यावर तुमच्याच ध्यानात येईन."

माझं डोकंच फिरलं. "पोटुशी बाई हलवून मले धडा शिकवता?"

"माय, मीच म्हटलं त्याईले," सिंधू डोळे न उघडता बोलली. "तुले बोलून कधी पटलं का काही?"

समोर तेच पाणी, तेच ऊन. अंग असं जड झालं होतं की भांडायलाही जोर नव्हता. नेलं तर लेक वाटेतच जिवानिशी जाईल. नाही नेलं तर पहिलं बाळंतपण सासरी, आणि मी तिथे उपाशी बसणार की काय? आळीतल्या बाया दिसत होत्या मला. त्यांच्यापुढे सिंधूचे सुजलेले पायही दिसत होते.

पाणी चढलं. होडी सुटली. देवीदास मोटार सुरू करायला उठला, तसा मी त्याला थांबवला.

"बसा खाली, जवाईबापू. देवीले इथूनच हात जोडते, पोरगी आता पुढे जाणार नाही, हळूहळू घरी चला. उद्या तुमच्या शेजारची एक खोली माझ्या नावानं किरायानं घ्या. चूल माझी, भांडे माझे, सुईणही मीच पाहीन. ती खोली सिंधूचं माहेर. अंगणातून चार पावलं चालत येईन ती, अन् पहिलं बाळंतपण माहेरीच होईन. आळीत कोणी इचारलं तर सांगीन, माहेर घेऊन गेली होती. अन् तुमी माणूस वाईट नाही, पण भित्रे आहा. दुसऱ्याच्या मोटारीतून फिरवून आणल्यापेक्षा 'नाही' हा शब्द तोंडानं म्हणायले शिका. बाप होऊन राहिले आता."