कुणीही पुसावं असं पान

हरिहर केतकर सर त्या रविवारी ठाण्याला चरईत बॉस्कोच्या घरी पोचले ते भांडायच्या तयारीनेच. डोंबिवलीहून निघताना बायको म्हणालीसुद्धा, "अहो, तुमचीच पोरं आहेत ती, जरा सबुरीनं घ्या." सर चपला घालून बाहेर पडले. सबुरी आणि सर यांचं कधी जमलंच नव्हतं. पॉलिटेक्निकात उभी नोकरी काढली, हजारो पोरांना शिकवलं, पण वर्गात कुणी "सर, इथं चुकलंय" म्हणालं की यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

भांडण कशाचं, ते ऐका. निवृत्त झाल्यावर सरांनी 'टाक' नावाचा एक प्रोग्राम लिहिला होता, कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा. लिहिला आणि फुकट वाटला. बघता बघता लग्नपत्रिकावाले, मंडळांच्या पावत्या छापणारे, क्लासवाले असे ठाण्या-कल्याणातले पुष्कळ लोक तो वापरायला लागले. ते सगळे जमायचे 'नाक्या'वर. हा नाका रस्त्यावरचा नव्हे. बॉस्को परेराने घरच्या कॉम्प्युटरला फोनची तार जोडून ठेवली होती. संध्याकाळी आपल्या घरून मॉडेमने तो नंबर फिरवायचा, लागला तर आत शिरायचं, लोकांचे निरोप वाचायचे, आपले टाकायचे आणि पुढच्यासाठी लाईन सोडायची. सत्त्याण्णव साल होतं. इंटरनेट पेपरात रोज यायचं, घरात मात्र फार थोड्यांच्या आलं होतं.

या नाक्यावर 'मदत' नावाचं एक पान होतं. टाक कसा चालवायचा, कुठे अडलं तर काय करायचं, ते सगळं त्यात. पान सरांनी एकट्याने लिहिलेलं. आणि आता बॉस्को म्हणत होता, ते सगळ्यांसाठी उघडं करू या.

"अमेरिकेत काढलीत सर अशी पानं. विकी म्हणतात," बॉस्को सांगत होता. त्याच्या आईने, बिट्रिस मावशींनी, गरम फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, ताटली मध्ये आणून ठेवली होती आणि कुणी तिला हात लावत नव्हतं. "वाचणाराच लिहिणारा. ज्याला चूक दिसली त्यानं तिथल्या तिथं दुरुस्त करायची. मी प्रोग्राम लिहून ठेवलाय, फक्त चालू करायचाय."

"म्हणजे उद्या कुणीही सोम्यागोम्या येणार आणि मी लिहिलेलं पुसणार."

"पुसणार कशाला सर? चुकलं असेल तर—"

"काय चुकलंय? दाखव ना!"

मानपाड्याचा जगन हसला. जगन सरांचा जुना विद्यार्थी, आता डीटीपीचं दुकान चालवायचा. "अरे बॉस्को, तू काय दाखवणार? मी एकदा फळ्यावरचा आकडा चुकला म्हणून सांगितलेलं, तर सरांनी मला आख्खं सत्र मागच्या बाकावर बसवलेलं. आकडा चुकलेलाच होता हां सर."

सगळे हसले. सरही ओठ ताणून हसले, पण आतून त्यांना ते लागलं.

त्या पानात त्यांचा जीव का अडकला होता, हे तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं. सर निवृत्त झाले त्याच वर्षी कॉलेजात नवे विभागप्रमुख आले आणि त्यांनी सरांच्या प्रयोगवह्या, नोट्स, तक्ते सगळं रद्दीत काढलं. शिपायाने गठ्ठे जिन्याखाली रचून ठेवलेले सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आपण एवढी वर्षं लिहिलं ते कुणी वाचतं आहे, अशी एकच जागा आता जगात उरली होती, आणि ती पण ही पोरं उकरायला निघाली होती. हे बोलून दाखवायचं तर लाज वाटत होती. म्हणून ते नुसतेच शिस्त, जबाबदारी, अराजक असले मोठे मोठे शब्द वापरत राहिले.

मत घेतलं तेव्हा सरांच्या बाजूने एक हात वर झाला, चेंदणी कोळीवाड्यातल्या सगुणाचा. तीही त्यांची विद्यार्थिनी, आता ठाण्यातच एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. बाकी सगळे बॉस्कोच्या बाजूने. जाताना जगन सरांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही आहोत ना."

पान उघडं झालं. संध्याकाळी नंबर लागला रे लागला की सर आधी मदतीचं पान काढायचे. पहिली ओळ आहे का? आहे. दुसरी? आहे. आपल्या सगळ्या ओळी शाबूत आहेत एवढं बघायचे आणि बंद करायचे. आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा सरला. एक शब्द कुणी हलवला नाही. सरांच्या ओळींच्या खाली मात्र लोक भराभर लिहीत होते. पान लांबच लांब होत चाललं होतं. खालचं सर वाचत नसत. पोरांनी काय गोंधळ घातलाय तो कशाला वाचायचा? त्यांना हळूहळू बरं वाटू लागलं होतं. जेवताना ते बायकोला म्हणाले, "काही म्हण, पोरांना किंमत आहे."

दिवाळी होऊन गेली, आणि एका सकाळी बॉस्कोचा फोन आला. आवाज पडलेला.

"सर, सगुणाची फाईल गेली."

"कुठली फाईल?"

"धवल्यांची."

सगुणाची आत्या मनुबाई ही धवलारीण. कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. मनुबाईला तर पूर्वीचे, आता कुणी म्हणत नाही असे धवलेही येत. तिला टेप चालायचा नाही. मशीन बघितलं की तिचा सूरच लागत नसे. म्हणून सगुणा तिला रविवारी दुपारी रिकाम्या क्लासमध्ये घेऊन यायची. म्हातारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, आणि सगुणा ऐकत ऐकत थेट टाकमध्ये लिहायची. दोन वर्षं हे चाललं होतं. मध्ये थांबून म्हातारी विचारायची, "सगला लिवलंस ना गो बाय?" आणि या नवरात्रात मनुबाई गेली.

सर त्याच दिवशी चेंदणीला गेले. सगुणा दारातच भेटली. डोळे सुजलेले, पण सरांना बघून तिने आधी पाणी आणून दिलं.

"काय केलंस नक्की?" सरांनी विचारलं.

"फाईल फार मोठी झालेली, सर. उघडायला वेळ लागायचा. म्हणून मदतीचं पान काढलं. तुम्ही लिहिलंय तसंच केलं."

सरांना आपली ओळ तोंडपाठ होती. फाईल जड झाली की आधी 'आवर' ही आज्ञा द्यावी, मग फ्लॉपीवर नक्कल घ्यावी.

"आवर दिलं. मग नक्कल घेतली, नेहमीच्याच फ्लॉपीवर. म्हणजे जुनी नक्कल होती तिच्यावरच. नंतर उघडून बघितलं तर सुरुवातीची थोडी हळदीची गाणी आहेत, सर. पुढे काही नाही."

टाकची नवी आवृत्ती काढताना त्यांनी स्वतःच 'आवर' बदललं होतं. छोट्या फाईली ते नीट दाबून लहान करायचं. फाईल फार मोठी असली तर मात्र सुरुवातीचं थोडं ठेवून बाकीचं कापून टाकत असणार. मोठ्या फाईलवर त्यांनी ते तपासलंच नव्हतं. आपण लिहिलेलं आहे म्हणजे ते चालणारच, असं धरून चालले होते.

"हे कुणाला माहीत नव्हतं?" ते कसेबसे म्हणाले.

"होतं, सर. खाली लिहिलेलं आहे. मी नंतर वाचलं."

क्लास जवळच होता. तिथल्या कॉम्प्युटरवर तिने नाक्याचं पान लावून दिलं आणि सरांनी ते पहिल्यांदा खालपर्यंत वाचलं. 'सरांनी वर दिलेली सूचना योग्यच आहे. तथापि नवीन आवृत्तीत काही वेळा आधी नक्कल घेतलेली बरी पडते.' हे लिहिणारा दगडू म्हणून कुणी कल्याणचा होता. त्याच्या खाली आणखी एक: 'दगडूभाऊंशी सहमत. सरांच्या मताचा पूर्ण आदर राखून सांगावंसं वाटतं, की मोठी फाईल असेल तर आवर देताना जपावं.' मग जगनचं: 'सरांचं बरोबरच आहे, माझ्या मशीनचाच दोष असेल, पण माझं अर्धं काम उडालं.' असं किती तरी. सगळ्यांना कळलं होतं. पावसाळ्यापासून कळलं होतं. प्रत्येकाने खाली येऊन नमस्कार घातल्यासारखं लिहिलं होतं आणि वरची ओळ तशीच ठेवली होती.

"तू हे आधी का नाही वाचलंस गं?"

"वर तुमची ओळ होती ना, सर. तुम्ही सांगितल्यावर आणखी खाली कशाला बघायचं? तसं बघणं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही, असं झालं असतं." मग ती घाईघाईने म्हणाली, "माझंच चुकलं. मी दुसरी नक्कल ठेवायला हवी होती."

तिने दोन शिव्या दिल्या असत्या तरी सरांना चाललं असतं. ती त्यांचीच समजूत घालत होती, आणि ते त्यांना सहन होईना. 'सगुणा, माझी चूक आहे,' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले, "बघतो मी, काही परत मिळतंय का." मिळणार नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

परतताना ते बॉस्कोकडे थांबले आणि दारातच त्याच्यावर खेकसले. "सगळ्यांना कळलं होतं, मग ती ओळ पुसली का नाही? पुसायला म्हणूनच उघडं केलंत ना पान?"

बॉस्कोने खांदे पाडले. "खरं सांगू सर? मी दोनदा पुसायला बसलो. पण तुम्ही लिहिलेलं आहे ते. हात धजला नाही. वाटलं, तुम्ही रोज वाचता, तुमचं तुम्हीच कराल."

सर उंबऱ्यावरूनच फिरले.

संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी त्यांनी नंबर लावला, पान काढलं आणि ती ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं, आधी नक्कल घ्यावी. खाली नाव घातलं नाही. घालायची सक्ती नव्हती, आणि नको झालं त्यांना. कुणाला काय सांगायचं? ओळ गेली म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी पान काढलं तर ओळ जिथल्या तिथे. खाली जगनने लिहिलं होतं, 'कुणीतरी सरांची ओळ पुसली होती. परत घातली आहे. असले उद्योग कृपया करू नयेत.'

त्यांनी पुन्हा ओळ पुसली आणि या वेळी नीट लिहिलं, 'ही सूचना चुकीची होती. चूक माझी. त्यापायी एका मुलीचं फार मोठं नुकसान झालं. ओळ मीच काढली आहे. — ह. केतकर.' लिहून झाल्यावर त्यांना खूप दिवसांनी मोकळं वाटलं. जन्मात पहिल्यांदाच 'चूक' हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल वापरला होता.

पुढच्या संध्याकाळी ओळ परत आलेली होती. सरांचं लिहिणं गायब होतं आणि त्याच्या जागी जगनचा निरोप होता: 'सावध राहा. आता कुणीतरी सरांची सही करून लिहायला लागलाय. सही खोटी आहे हे कुणीही ओळखेल. माझी चूक झाली, असं आपले सर कधी लिहिणार नाहीत.' दगडूने खाली लिहिलं होतं, 'अगदी बरोबर.' आणखी दोघातिघांनीही.

सर ते वाचत राहिले. पोरांनी त्यांना बरोबर ओळखलं होतं. त्यात त्यांची काय चूक?

त्यांनी मॉडेमची तार काढली, फोन जोडला आणि जगनच्या दुकानाचा नंबर फिरवला. आता सरळ तोंडाने सांगायचं. चार शब्दांचं काम. कुणी तरी पुन्हा ते पान उघडून 'आवर' देण्याआधी सांगायला हवं होतं.

"जगन, मी केतकर बोलतोय."

"सर! तुम्ही बघितलंत ना? अहो, डोकंच फिरलं माझं. तुमच्या नावानं लिहितात म्हणजे काय? सगळी पोरं पेटलीत. बॉस्को म्हणत होता, सरांनीच पुसली असेल; मी म्हटलं, शक्यच नाही. त्याला सांगितलंय, रोज मी स्वतः बघणार. तुमच्या ओळीला कुणाला हात लावू देणार नाही."

"अरे जगन, ती ओळ—"

"सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. आज दुकान चालतंय ते तुमच्यामुळे. मागच्या बाकावर बसवलंत म्हणूनच माणूस झालो. हे मी सगळ्यांना सांगतो."

जगन थांबला. तिकडून मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. सर काय म्हणतात त्याची तो वाट बघत होता. सरांनी तोंड उघडलं. 'चूक' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. काल तो लिहिता आला होता, पण तेव्हा ऐकायला समोर कुणी नव्हतं.

"बरं केलंस," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.